औषधाची जागा कुठली?

आपल्याकडे ‘औषध’ हा शब्द एकच आहे आणि वस्तू तीन. कपाशीवर औषध मारले, म्हशीला औषध पाजले, पोराला औषध दिले. बोलणाऱ्याला कळते, ऐकणाऱ्यालाही कळते, कारण समोर कपाशी, म्हैस नाहीतर पोर उभे असते. पण रात्री लाईट गेलेली असताना घरच्या म्हाताऱ्याने “अगं, फळीवरची औषधाची बाटली दे” असे म्हटले आणि सुनेने अंधारात हात घातला, तर त्या हाताला कोणती बाटली लागेल? तिन्ही बाटल्या एकाच फळीवर असतील, तर याचे उत्तर देवालाच ठाऊक.

वाचकहो, हे वाचून झाले की उठा आणि आपल्या घरातल्या त्या फळीकडे, कोनाड्याकडे किंवा माळ्याकडे एकदा नीट बघा. काय काय दिसते? खोकल्याची अर्धी बाटली, मागल्या वर्षीच्या तापाच्या चार गोळ्या, आजीची बी.पी.ची पुडी, डोळ्यांत टाकायचे थेंब, गाईच्या गोचिडाचे औषध, उंदराची ट्यूब, धान्यात टाकायच्या गोळ्यांची डबी, आणि मागे कुठेतरी फवारणीतून उरलेले पाव लिटर. उरलेले टाकवत नाही, कारण त्याला पैसे पडलेले असतात. हे चित्र दहापैकी आठ घरांत दिसेल असे आम्ही म्हणणार नाही, कारण कुणी मोजलेले नाही. पण तुमच्या घरात दिसते की नाही, एवढे तुम्हीच तपासा.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. सगळ्या राज्यात गहजब झाला. चौकशी पथक बसले. मास्क, हातमोजे, चष्मे वाटले गेले. ते व्हायलाच हवे होते. पण ती सगळी चर्चा पंप पाठीवर असतानाची होती. पंप उतरवून ठेवल्यावर बाटली कुठे जाते, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. फवारणी वर्षातले काही दिवस चालते. बाटली मात्र घरात वर्षभर राहते.

सगळ्यात वाईट सवय आहे ती ओतून ठेवण्याची. शेजाऱ्याला अर्धा पंप मारायचा आहे, नवीन डबा कशाला आणायचा, म्हणून तुम्ही त्याला थोडे देता. कशात देता? हाताला लागेल त्यात. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, कोल्ड्रिंकची बाटली, सरबताची बाटली, नाहीतर दारूचा रिकामा पव्वा. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्यालाही माहीत. पण घेणाऱ्याच्या घरच्या चार वर्षांच्या मुलीला माहीत नाही. तिला रंगीत पाणी भरलेली सरबताची बाटली दिसते. आणि पव्व्यात ठेवलेले औषध अंधारात भलत्याच माणसाच्या हाती लागले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. ज्या बाटलीतून माणूस एरवी काही पितो, त्या बाटलीत विष ठेवायचे नाही. शेजाऱ्याला द्यायचेच असेल तर त्याला पंप घेऊन बोलवा, मापाने पंपातच टाका आणि तसेच वावरात पाठवा.

याची उलटी बाजूही तितकीच वाईट. रिकामा झालेला डबा धुवून घरात वापरायचा. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा बघून मोह होतो, हे खरे आहे. त्यात तेल राहते, रॉकेल राहायचे, पाणी राहते. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी मुलांनी दुपारचे जेवण घेतले आणि त्यातली २३ मुले गेली. तपासणीत अन्नात आणि स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असा संशय त्या वेळी अधिकाऱ्यांनी बोलून दाखवला होता. मुख्याध्यापिकेला पुढे २०१६ मध्ये शिक्षा झाली. शिक्षेने मुले परत येत नाहीत.

मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या कापूसपट्ट्याला नवीन नाही. भाजीपाल्यावर त्याच्या वापराला २००५ पासूनच बंदी होती. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या ३६ टक्के द्रवावर बंदीचा आदेश काढला आणि उरलेला साठा संपवायला मुदत दिली. म्हणजे बंदी दुकानावर आली. तुमच्या माळ्यावर कोणी बंदी घालायला येत नाही. जुना डबा पडून असेल तर तो आजच खाली काढा आणि कृषी सहायकाला विचारा. (सरकारने २०२५ मध्ये त्यांना सहाय्यक कृषी अधिकारी केले आणि त्याआधी ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. पण गावात अजून जुनी नावेच चालतात, म्हणून आम्हीही तीच लिहितो.)

आता ओळखायचे कसे? अक्षरे बारीक, त्यातली निम्मी इंग्रजी, चष्मा सापडत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण कायद्याने दोन खुणा अशा ठेवल्या आहेत की त्या निरक्षर माणसालाही कळतात. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन असतो, एका टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्यावर कवटी आणि हाडे असतात. पिवळा म्हणजे जहाल. निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे सौम्य. हिरवा असला म्हणजे पोटात गेले तरी चालते, असा अर्थ कुणी घेऊ नये. चौकोन दिसला की ती वस्तू घरात नको, एवढे सोपे गणित ठेवा. जनावरांच्या औषधावर जनावराच्या डोक्याचे चित्र असते आणि ‘माणसाच्या वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असते. घरातल्या सगळ्यांना, शाळेतल्या पोरांनासुद्धा, या दोन खुणा एकदा दाखवून ठेवा. पोरे लवकर शिकतात आणि मग मोठ्यांनाच सांगत बसतात. मात्र खूण लेबलवर असते. बाटली बदलली की खूण गेली. म्हणून तर ओतून ठेवण्यावर वर एवढे लिहिले.

गोठ्यातल्या औषधाकडे आपण फार हलक्याने बघतो. जंताचे, गोचिडाचे, पोटफुगीचे, कॅल्शियमची मोठी बाटली, डॉक्टर येऊन गेल्यावर उरलेली इंजेक्शनची कुपी. गोचिडाच्या औषधात अमित्राझ असते किंवा डेल्टामेथ्रिन असते. म्हणजे तेही कीटकनाशकच. फक्त ते पिकाऐवजी जनावराच्या अंगाला लावायचे. अमित्राझ पोटात गेले तर माणूस गुंगून बेशुद्ध पडू शकतो. हे औषध पाण्यात कालवून लावतात आणि कालवलेले उरते. ते बादलीत तसेच ठेवून आपण वैरण टाकायला जातो, आणि तेवढ्यात वासरू तरी तोंड घालते नाहीतर रांगते पोर तरी हात घालते. कालवलेले तेवढे त्याच वेळी संपवायचे. जनावरांची औषधे गोठ्याच्या भिंतीला, पण गव्हाणीपासून दूर, लहान पेटीत कुलूप लावून ठेवावीत. आणि उरलेल्या कुपीतले औषध मनाने पुढच्या जनावराला टोचू नये. उघडलेली कुपी किती दिवस चालते, हे औषधागणिक वेगळे असते. ते पशुवैद्यकाला विचारा.

धान्यातल्या गोळ्या हा तर स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. किडे मरतात ते त्या वायूने. गोदामात, जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायची ही वस्तू आहे. सर्वसामान्य माणसाला ती खुल्या बाजारात विकायचीच नाही असा नियम असताना ती गावोगाव मिळते, हे आपल्या यंत्रणेचे अपयश आहे आणि तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी त्याचे उत्तर द्यावे. पण उत्तर येईतो तुम्ही एवढे करा. ज्या घरात माणसे झोपतात, तिथल्या कोठीत ही गोळी टाकू नका. तिची उघडी डबी घरात ठेवू नका. पावसाळ्यात हवाच ओली असते, त्याला वेगळे पाणी लागत नाही. घरापुरते धान्य राखायला कडक ऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकणाची कोठी पुरते. आपल्या आज्या हेच करत होत्या.

तसेच उंदराच्या औषधाचे. काही औषधे ट्यूबमध्ये येतात आणि ती ट्यूब दिसते हुबेहूब दंतमंजनाच्या ट्यूबसारखी. न्हाणीच्या खिडकीत ब्रशशेजारी ती ठेवली तर चूक होण्याची वाट बघायचेच काम उरते. अशा चुकीने माणसे दगावल्याच्या नोंदी डॉक्टरांच्या दप्तरी आहेत. बीजप्रक्रिया केलेले बियाणेही याच यादीत घाला. भुईमुगाचे गुलाबी दाणे पोरांना दिसायला छान दिसतात. पेरून उरलेले बियाणे शेंगदाण्याच्या डब्याशेजारी ठेवायचे नाही आणि कोंबड्यांनाही टाकायचे नाही.

आता माणसाच्या औषधाकडे येऊ. दवाखान्यातून आणलेली वस्तू म्हणजे निर्धोक, असा आपला समज असतो. घरात गरोदर सून असेल तर सरकारी दवाखान्यातून तिला लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना निळ्या, लहानांना गुलाबी. योजना चांगली आहे, गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण लाल, निळी, गुलाबी, गुळगुळीत गोळी दोन-तीन वर्षांच्या लेकराला काय वाटणार? गोडगोळीच. लोहाच्या मूठभर गोळ्या लहान लेकराच्या पोटात गेल्या तर त्याच्या जिवावर बेततात. आईसाठी अमृत असलेली गोळी लेकराला विष होते. आशाताईंनी गोळ्या देताना “रोज घे बरं का” एवढे सांगून न थांबता “कुठे ठेवशील?” हेही विचारावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आजोबांच्या शुगरच्या गोळीचेही तसेच. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या अशा आहेत की त्यातली एक गोळीसुद्धा लहान मुलाला धोक्यात घालू शकते. आणि आजोबांची गोळी असते कुठे? उशाखाली, बंडीच्या खिशात, पानाच्या चंचीत. नातू तिथेच खेळतो. पाहुणे आले की त्यांची पिशवी खाटेवर पडते, तिच्यातही गोळ्या असतात. पाहुण्यांना पाणी देता तशी पिशवी उचलून वर खुंटीला टांगा. आणखी एक. पोर औषध घेत नाही म्हणून “चॉकलेट आहे, खा” असे सांगायची आपली रीत आहे. ती सोडून द्या. आज चॉकलेट म्हणून दिलेली गोळी उद्या ते पोर स्वतःच शोधून खाईल.

मग ठेवायचे कुठे? “उंचावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी” असे सगळीकडे छापलेले असते. हा सल्ला स्लॅबच्या घरातल्या माणसाने लिहिला असावा. आपल्याकडे घरावर पत्रा आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखालच्या फळीवर हात ठेवून बघा, चटका बसतो. आणि औषधाच्या पाकिटावर लिहिलेले असते ‘३० अंशांखाली ठेवा’, ‘कोरड्या, थंड जागी, उजेडापासून दूर’. म्हणजे पोरापासून वाचवावे तर उन्हात भाजते आणि उन्हापासून वाचवावे तर पोराच्या हाती लागते. यातून वाट एकच. मधल्या खोलीत, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब, मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक लहान पत्र्याची पेटी किंवा कपाटाचा एक कप्पा, आणि त्याला कुलूप. कुलूप असले म्हणजे फार उंच जायची गरज पडत नाही. जुनी मातीची भिंत असेल तर तिच्यातली झाकणाची देवळी उत्तम. फ्रिजच्या डोक्यावर औषधे ठेवायची पद्धत पडली आहे. ती जागा गरम असते. तिथे नको. न्हाणीघरातही नको, तिथे ओल असते.

ओल लागलेली, उन्हात भाजलेली गोळी नेहमी तसे दाखवत नाही. अॅस्पिरिनला ओल लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तेवढी ती प्रामाणिक. बाकीच्या गोळ्या दिसायला तशाच राहतात आणि गुण मात्र कमी होतो. हृदयाच्या दुखण्यात जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी मूळ बाटलीतून काढून कागदाच्या पुडीत ठेवली तर तिचा जोर उडून जातो. छातीत कळ आल्यावर कळते की गोळी लागू पडत नाही, आणि तोवर तालुक्याची गाडी निघून गेलेली असते.

इन्सुलिन घेणारी माणसे आता गावोगाव आहेत. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वाया गेले, ते वितळवून वापरायचे नाही. उघडलेली बाटली फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालते, पण उष्णता ३० अंशांच्या वर जाता कामा नये. नेमके किती दिवस, ते खोक्यातल्या कागदावर असते. ज्याच्याकडे फ्रिज नाही त्याने काय करायचे? एका मोठ्या मातीच्या भांड्यात लहान भांडे ठेवा. मधल्या फटीत वाळू भरा, ती ओली ठेवा, वर ओले फडके टाका आणि सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. बाटली कोरड्या डबीत घालून आतल्या भांड्यात. माठातले पाणी गार होते तीच ही युक्ती. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती चांगली चालते. कोकणच्या दमट हवेत तिचा तेवढा उपयोग नाही. याने फ्रिजची थंडी येत नाही, पण वापरातली बाटली भाजत नाही. आणि फ्रिज नसेल तर एका वेळी एकच बाटली आणा.

पोरांच्या अँटिबायोटिकची पावडर येते, तिच्यात उकळून गार केलेले पाणी घालून हलवायचे. पाणी घातले की त्या औषधाचे आयुष्य साधारण आठवड्याचे, काहींना तर तेवढ्यासाठीही फ्रिज लागतो. आपण काय करतो? तिसऱ्या दिवशी ताप उतरला की बाटली बंद करून ठेवतो, आणि तीन महिन्यांनी धाकट्याला ताप आला की तीच काढतो. ते औषध राहिलेले नसते. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस द्या आणि उरले तर टाका. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिन्याने टाकायचे. ओ.आर.एस.ची पुडी एकदा कालवली की २४ तास, त्यानंतर दुसरी.

गोळ्यांची पट्टी कापून द्यायची दुकानदाराची पद्धत आहे, कारण गिऱ्हाईकच चार गोळ्या मागते. चार गोळ्या मागण्यात गैर नाही. पण कापलेल्या तुकड्यावर ना नाव असते, ना मुदतीची तारीख. सहा महिन्यांनी हा तुकडा कशाचा, हे कुणाला सांगता येणार? म्हणून घेतानाच तुकड्यावर नाव आणि तारीख लिहून मागा, नाहीतर जुन्या वहीच्या कागदात गुंडाळून त्यावर स्वतः लिहा: कोणाची, कशाची, कधी आणली. ज्या गोळीचे नाव माहीत नाही ती गोळी घरात ठेवू नका.

जुनी औषधे टाकायची कुठे, याला आज आपल्याकडे धड उत्तर नाही. उकिरड्यावर टाकली तर कोंबड्या-जनावरे उकरतात, नाल्यात टाकली तर पाण्यात जातात, जाळली तर धूर होतो. केरळात २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरातली नको असलेली औषधे गोळा करण्याची सरकारी योजना सुरू झाली. आपल्या जिल्हा परिषदेने निदान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तशी एक कुलूपबंद पेटी ठेवायला काय हरकत आहे? तोवर पट्टीतून गोळ्या काढून राखेत, मातीत कालवून, पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. कीटकनाशकाचा रिकामा डबा मात्र तीनदा विसळायचा, विसळलेले पाणी पंपातच टाकायचे आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करायचा. भोक पडले की त्यात कोणी तेल भरत नाही.

इथवर चुकून होणाऱ्या गोष्टी झाल्या. ‘औषध घेतलं’ या दोन शब्दांना गावात आणखी एक अर्थ आहे आणि तो प्रत्येकाला ठाऊक आहे. तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. कर्ज, भांडण, अपमान, नापास झाल्याचा दिवस. अशा वेळी मनात उठलेली लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ निभावला की माणूस सावरतो आणि पुढे कित्येक वर्षे संसार करतो. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे, यावर सगळे ठरते.

मग घराघरात कुलपाची पेटी दिली की झाले? श्रीलंकेत हे करून पाहिले गेले. १८० गावांत मोठा प्रयोग झाला, निम्म्या गावांतल्या घरांना कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ मध्ये त्याचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आला: विष घेण्याचे प्रकार कमी झाल्याचे दिसले नाही. कारण शोधायला लांब जायला नको. पेटी घरात आणि किल्ली खुंटीवर, मग मोठ्या माणसाला कुलूप कसले? लहान पोरांसाठी कुलूप कामाचे आहे, ते लावाच. पण श्रीलंकेत आत्महत्या घटल्या त्या अतिजहाल औषधे बाजारातूनच काढल्यामुळे. आपल्याकडे तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात दुसरा मार्ग चोखाळला गेला. दोन गावांत सामाईक कोठार बांधून प्रत्येक शेतकऱ्याला त्यात कुलपाचा कप्पा दिला. औषध तिथे ठेवायचे, लागेल तेव्हा तिथूनच वावरात न्यायचे. २०१३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांनी कोठार वापरले आणि त्या गावांत कीटकनाशकाने होणाऱ्या आत्महत्या कमी झाल्याचे आढळले. दोन गावे म्हणजे प्रयोग लहानच. पण करून बघण्यासारखा नक्की.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना आमचे सांगणे आहे. गावात एखादी पडकी खोली असतेच. तिला पत्रा, दार, वारा खेळायला झरोका, आत कप्पे आणि सकाळ-संध्याकाळ तासभर उघडायला एक माणूस. खोली विहिरीपासून आणि शाळेपासून लांब असावी. फार मोठा खर्च नाही. मे महिन्याच्या ग्रामसभेत विषय घेतला तर खरिपाच्या पहिल्या फवारणीआधी काम उभे राहते. “शेतात ठेवलं तर चोरी जातं” ही शेतकऱ्यांची अडचण खरी आहे आणि म्हणूनच बाटली घरात येते. सामाईक खोलीने ती अडचण सुटते. खोली होईपर्यंत निदान गोठ्याबाहेरच्या भिंतीला लोखंडी पेटी ठोका, पण घरात नको. आणि कृषी केंद्रवाल्यांनीही एक करावे: एक एकराला लागते तेवढेच द्यावे. अर्ध्या लिटरचे काम असताना लिटर गळ्यात मारू नये. उरतच नाही म्हटल्यावर ठेवायचा प्रश्नच येत नाही.

घरातला माणूस गप्प झाला, जेवेनासा झाला, निरवानिरवीचे बोलू लागला, तर आधी घरातले सगळे औषध बाहेर न्या, शेजाऱ्याकडे ठेवा, आणि मग त्याच्याजवळ बसा, बोला. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन रात्री-बेरात्रीही चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. हा आकडा आपल्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला तरी चालेल.

इतके करूनही कुणाच्या पोटात भलते औषध गेलेच, तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. काही औषधे वर येताना छातीत उतरतात आणि अधिक घात करतात. ताक, दूध, लिंबू काही नको. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने धुवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवून ठेवा. १०८ ला फोन करा, गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. आणि निघताना ती बाटली, डबा किंवा पट्टी, जशी असेल तशी, झाकण लावून पिशवीत घालून बरोबर घ्या. लाज वाटते म्हणून लपवू नका. कोणते औषध पोटात गेले हे कळले तर डॉक्टरांना उपचार लगेच सुरू करता येतो, आणि लेबल शाबूत असेल तरच ते कळते.